पातं लोखंडी पाइपवर आदळलं, त्यानंतरचे पाच महिने

हे लॉन मोव्हर घेऊन आता नऊ महिने झाले. पेट्रोलवर चालणारं, हाताने ढकलायचं, एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन. पहिल्या चार महिन्यांबद्दल तक्रार नाही. दोरीच्या दुसऱ्या ओढीला चालू व्हायचं, गवत एकसारखं कापायचं, तेल-फिल्टरचं वेळच्या वेळी केलं की बाकी काही मागायचं नाही. लिहायचंय ते पाचव्या महिन्यात जे झालं त्याबद्दल, कारण त्यात माझे तीन आठवडे वाया गेले आणि तुमचे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं. त्यात जुन्या पाइपचा तुकडा जमिनीतून चार बोटं वर आलेला होता, तो दिसलाच नाही. खण्ण असा आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी बंद. पुन्हा दोरी ओढली तर ती हातातून हिसडा मारून उलटी खेचली गेली, बोटं सोलवटली. पुढच्या पाच-सहा ओढींत एकदा कार्बोरेटरमधून फट्ट झालं, बाकी काहीच नाही.

दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने प्लग काढून बॉडीला टेकवला, दोरी ओढली, निळी ठिणगी दाखवली आणि म्हणाला, ‘करंट आहे, म्हणजे कार्बोरेटर चोक झालाय.’ कार्बोरेटर दोनदा साफ झाला, प्लग नवा आला, पेट्रोल बदललं. दोरी तरीही हिसडे मारतच होती.

इथेच गोची आहे. ठिणगी पडते म्हणजे ती वेळेवर पडते असं नाही. पेट्रोल किंवा कार्बोरेटरची भानगड असेल तर इंजिन चालू होणार नाही, पण दोरी अशी उलटी खेचणार नाही. आपटल्यानंतर दोरी हिसडा मारू लागली तर आधी ठिणगीच्या टायमिंगवर संशय घ्या.

कारण समजून घेण्यासारखं आहे. या यंत्रात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, उभा असतो. खालच्या टोकाला थेट पातं, वरच्या टोकाला फ्लायव्हील, म्हणजे जड चाक. पातं अडलं की शाफ्ट क्षणात थांबतो, पण वरचं जड फ्लायव्हील त्याच जोरात फिरायला बघतं. दोघांच्या मधे असते एक छोटीशी मऊ धातूची चावी. ती कापली जाते आणि फ्लायव्हील शाफ्टवर थोडं पुढे सरकतं. फ्लायव्हीलवरचं चुंबक कॉईलसमोरून (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यासमोरून) गेलं की ठिणगी पडते. चुंबकच पुढे सरकल्यामुळे ठिणगी लवकर पडते, पिस्टन अजून वर येत असतानाच पेट्रोल पेटतं आणि त्याला मागे ढकलतं. तो धक्का दोरीतून आपल्या हातात येतो.

ही चावी क्रँकशाफ्ट वाचवण्यासाठी असते असं पुष्कळ जण सांगतात. ते पूर्ण खरं नाही. फ्लायव्हील धरून ठेवतो तो शाफ्टचा निमुळता भाग आणि वरचा घट्ट नट. चावीचं मुख्य काम फ्लायव्हील नेमक्या जागी बसवण्याचं. म्हणून नट सैल असेल तर चावी लवकर कापली जाते. आणि चावी तुटली म्हणजे क्रँक वाचला, असं धरून चालू नका.

शेवटी मी स्वतःच उघडायला घेतलं. सगळ्यात आधी प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवली. पात्याला हात लावायचा असेल तर हे टाळू नकाच. पेट्रोल काढून घेतलं आणि यंत्र एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असं आडवं केलं. उलट्या बाजूला आडवं केलं तर तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं, मग पांढरा धूर येतो आणि पिस्टनची रिंग गेली असं वाटून आणखी खर्चात पडायला होतं.

पातं काढायच्या आधी डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या झाकणाच्या, कडेवर एक खूण केली आणि दोन्ही टोकं आळीपाळीने तिथे आणून अंतर मोजलं. फरक ५ मिलिमीटर. ३ मिलिमीटरच्या वर गेला की पातं किंवा क्रँक, दोघांतलं एक वाकलंय असं समजायचं. कोणतं, हे शोधायला पातं काढलं, डेकला जाड तार बांधून तिचं टोक शाफ्टच्या खालच्या टोकाजवळ जेमतेम न लागेल असं ठेवलं, प्लग काढला आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवला. तार आणि शाफ्टमधली फट पूर्ण फेऱ्यात सारखी राहिली. म्हणजे शाफ्ट सरळ, पातं वाकलेलं. तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण वाकलेला क्रँक ठोकून सरळ करायचा नसतो. त्याला न दिसणारी चीर गेलेली असू शकते, आणि पुढे बेअरिंग आणि तेलाचं सील दोन्ही जातात. पातंही ठोकून सरळ केलं नाही, नवं घेतलं.

मग वरचं कव्हर आणि नट काढला, आणि पुलर (खेचून काढायचं हत्यार) लावून फ्लायव्हील. हातोड्याने थेट ठोकू नका, चुंबक आणि शाफ्टचे आटे दोन्ही जातात. फ्लायव्हील निघाल्यावर चावी दिसली. पूर्ण तुटली नव्हती, मधोमध पायरी पडली होती, अर्धा भाग शाफ्टच्या खाचेत आणि अर्धा बाजूला सरकलेला. एवढ्याशा पायरीने तीन आठवडे खाल्ले.

नवी चावी त्याच मॉडेलची घेतली. लोखंडाचा तुकडा घासून बसवू नका, पुढच्या वेळी तो फ्लायव्हीलची खाचच फोडेल. निमुळता भाग कोरड्या फडक्याने पुसला, तेल लावलं नाही. नट पुस्तिकेत दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळला. कॉईल हलवली होती म्हणून तिची फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.३० मिलिमीटर ठेवली. बहुतेक छोट्या इंजिनांना ०.२५ ते ०.३५ चालते, पण आपली पुस्तिका बघा. दुसऱ्या ओढीला चालू झालं, हिसडा नाही.

नवी चावी घालूनही चालू झालं नसतं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासावं लागलं असतं. जोरात आपटल्यावर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमच्या गिअरचे दात किंवा पुशरॉडही जाऊ शकतात. हँडलच्या दांड्याच्या (जो सोडला की इंजिन बंद होतं) ब्रेकची केबल निसटली तरी ठिणगी बंद होते, तीही बघा.

त्यानंतर चारेक महिने झाले. पहिल्या तासाभरानंतर पात्याचा बोल्ट पुन्हा तपासला, घट्ट होता. दर कापणीनंतर खालच्या सीलपाशी तेलाचा थेंब दिसतो का ते बघते. अजून कोरडं आहे. हँडलला पूर्वीइतकंच कंपन आहे, जास्त नाही. एक तक्रार मात्र आहेच: कव्हरचा एक बोल्ट टाकीच्या मागे असा लपवलाय की टाकी सैल केल्याशिवाय पाना बसत नाही, आणि पुस्तिकेत आपटल्यानंतर काय तपासावं यावर जेमतेम चार ओळी आहेत. तरीही यंत्र मजबूत आहे, पुन्हा घ्यायचं झालं तर हेच घेईन.

दोन जास्तीच्या चाव्या प्लगच्या डबीत ठेवल्या आहेत. तो पाइप खणून काढला, चांगला दोन फूट खाली गेलेला होता.