पेपर कटिंग की जुना कुर्ता?

रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत सुती, सैलसर कुर्ताच बरा. घरी शिवताना तो बेतायचा कशावरून? विकतचं पेपर कटिंग, म्हणजे कागदाचा तयार कापलेला नमुना, छातीच्या मापावर असतो. ३६ इंच छाती असली तरी खांदा नि मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) प्रत्येकीचा निराळा. प्रिन्सेस कट (अंगासरशी उभ्या वळणदार शिवणींचा कुर्ता) पहिल्यांदा शिवणारीला मात्र त्याचाच आधार.

मला अंगाला नीट बसणारा जुना कुर्ता जास्त भरवशाचा वाटतो. तो उसवा, इस्त्री करा, ब्राऊन पेपरवर उतरवा. मुंढ्याची गोलाई जशीच्या तशी मिळते आणि शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापडही त्यात धरलेली असते. पेपर कटिंगमध्ये ती आहे का, हे आधी तपासावं लागतं.

कशावरूनही बेता, नवं सुती कापड आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल. पावसात काही वाळत नाही, तेव्हा हे मे महिन्यातच उरका.