शॉट डिव्हिजन उलटीकडून: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पूर्ण झालेल्या चित्रपटातला एक प्रसंग घ्यायचा, त्याची शॉट डिव्हिजन, म्हणजे तो कोणकोणत्या शॉटमध्ये विभागला आहे ते, आपण कागदावर रकान्यांत परत मांडायची आणि मग त्याच रकान्यांमध्ये स्वतःच्या प्रसंगाचं नियोजन करायचं. गेले कित्येक महिने मी चित्रपट बनवायला या पद्धतीनं शिकते आहे. दिग्दर्शन शिकणाऱ्या कुणालाही मी ती मनापासून सुचवेन, पण फ्लोअर प्लॅन (जागेचा वरून दिसणारा नकाशा) काढायची तयारी असेल तरच. नुसती शॉटची यादी केली तर हाती फारसं काही लागत नाही.

साधनं थोडीच लागतात. फ्रेमगणिक पुढे सरकणारा प्लेअर (व्हीएलसीमध्ये ई दाबलं की एक फ्रेम पुढे जाते), एक स्प्रेडशीट आणि भरपूर कोरे कागद. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कट (एक शॉट संपून दुसरा सुरू होतो ती जागा) आपोआप शोधून देण्याची सोय आहे, पण अभ्यासासाठी मी ती मुद्दाम टाळते. प्रत्येक कटवर स्वतः थांबलं की तो तिथेच का आला हा प्रश्न पडतोच. तयार यादी समोर आली की तो पडत नाही.

माझ्या स्प्रेडशीटचे रकाने असे: शॉट क्रमांक, कालावधी, शॉटचा आकार, कॅमेऱ्याची जागा, हालचाल, कोणत्या शब्दावर किंवा कोणाच्या नजरेवर कट आहे, आवाजात काय चाललंय. शेवटचा रकाना मी नंतर वाढवला आणि आता तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: या शॉटमुळे प्रेक्षकाला नवीन काय कळलं? चांगल्या प्रसंगात हा रकाना क्वचितच रिकामा राहतो. संवाद संपल्यानंतर दोन सेकंद धरून ठेवलेला चेहरासुद्धा काहीतरी सांगत असतो, आणि ते शब्दांत लिहायला बसलं की तो शॉट तितकाच लांब का आहे ते उमगतं.

आता फ्लोअर प्लॅन. प्रसंग जिथे घडतो ती जागा वरून बघितल्यासारखी काढायची. भिंती, दारं, खिडक्या, टेबल, पात्रांच्या जागा, मग प्रत्येक शॉटसाठी कॅमेरा कुठे होता त्याची खूण. समजा, टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांचा चार मिनिटांचा संवाद आहे आणि यादीत चाळीस शॉट आले आहेत. प्लॅनवर मात्र खुणा सहा-सातच होतात: एक मास्टर (सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा शॉट), दोन्ही बाजूंचे ओव्हर द शोल्डर (एकाच्या खांद्यावरून दुसरा दिसतो ते), दोन क्लोज (चेहऱ्याजवळचे), एखादा इन्सर्ट (हात किंवा वस्तू जवळून दाखवणारा). पडद्यावर दिसणारे शॉट आणि सेटवर लावावे लागणारे सेटअप (कॅमेरा आणि प्रकाशाची एकेक मांडणी) यांतला फरक मी व्याख्येत कितीदा तरी वाचला होता, पण तो कळला प्लॅन काढताना. इथून पुढे प्रश्नच बदलतो. किती शॉट घेतले याऐवजी मी विचारू लागले, दिग्दर्शकानं तिसऱ्या सेटअपकडे परत जायला इतका वेळ का घेतला? क्लोज राखून का ठेवला? पहिला क्लोज प्रसंगाच्या कोणत्या क्षणी वापरला आहे, एवढी एकच गोष्ट दहा चित्रपटांत तपासून बघा. दिग्दर्शकाला प्रसंगाचा मध्य कुठे वाटतो ते तिथे उघड दिसतं.

अक्षाचंही, म्हणजे दोन पात्रांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेचंही, तसंच. कॅमेरा या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा हा 180 अंशांचा नियम आकृतीत सोपा वाटतो, कारण आकृतीतली माणसं जागची हलत नाहीत. खऱ्या प्रसंगात एक जण उठतो, खिडकीशी जातो, तिसरा आत येतो, आणि प्रत्येक वेळी रेषा फिरते. प्लॅनवर ती पेन्सिलीनं परत परत ओढली की रेषा ओलांडण्याचे मार्ग वेगवेगळे दिसतात. कुठे पात्राच्या चालण्याबरोबर ती ओलांडली जाते, कुठे कॅमेरा स्वतः फिरत पलीकडे जातो, कुठे मध्ये रेषेवरचा तटस्थ शॉट टाकलेला असतो. आणि कुठे नियम सरळ मोडलेला असतो, कारण त्या क्षणी प्रेक्षकाला अस्थिर करायचंच होतं.

या पद्धतीचं मोल ज्या एका चित्रपटानं मला सगळ्यात जास्त पटवलं तो म्हणजे दिग्दर्शक सिडनी लुमेट यांचा 1957 चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, खटल्याचा निकाल ठरवायला बसलेल्या बारा ज्युरींची गोष्ट. जवळजवळ सगळा चित्रपट एका खोलीत घडतो. लुमेट यांनी त्याचं नियोजन पुढे सविस्तर सांगितलं आहे, त्यामुळे आपण काढलेले निष्कर्ष ताडून बघता येतात. पहिल्या तृतीयांशात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मधल्यात डोळ्यांच्या पातळीवर आणि शेवटच्यात खाली, म्हणजे छतही दिसू लागतं. त्याबरोबर लेन्सची फोकल लेन्थ वाढत जाते, मागची भिंत जवळ आल्यासारखी होते आणि खोली आवळत जाते. शेवटचा बाहेरचा शॉट मात्र वाइड, म्हणजे मोठा परिसर दाखवणाऱ्या, लेन्सवर आहे. नुसतं बघताना आपल्याला फक्त गुदमरायला होतं. रकान्यांत कॅमेऱ्याची उंची लिहीत गेलं की तो परिणाम कसा रचला आहे ते हाताला लागतं.

त्याहून मोठा धडा चित्रीकरणाच्या क्रमाचा. एका खुर्चीसाठी प्रकाशयोजना झाली की त्या खुर्चीतले शॉट एकत्र घ्यायचे, अशा रीतीनं खोलीभोवती तीन फेऱ्या झाल्या: एक नेहमीच्या उजेडात, दुसरी पावसाळी ढग आल्यावरच्या, तिसरी छतावरचे दिवे लागल्यावरच्या. त्यामुळे भांडणाऱ्या दोन पात्रांच्या समोरासमोरच्या बाजू सात-आठ दिवसांच्या अंतरानं चित्रित झाल्या. राग कुठवर चढला होता हे दिग्दर्शकाला आठवडाभर डोक्यात धरून ठेवावं लागलं. ते जमलं, कारण आधी दोन आठवडे तालीम झाली होती आणि भावनेचा आलेख पक्का होता. हे समजल्यावर मी माझ्या शॉट लिस्टमध्ये प्रत्येक शॉटपुढे भावनेची तीव्रता एक ते दहा अशी लिहायला लागले. क्रम मोडून चित्रीकरण करताना नटाला ‘मघाचच्यापेक्षा थोडं जास्त’ असं मोघम सांगावं लागत नाही.

स्वतःचं नियोजन करताना मी रकाने शेवटून भरते. आधी प्रेक्षकाला काय कळायला हवं, मग त्यासाठी किती जवळ जायचं, मग कॅमेरा कुठे. एका छोट्या लघुपटात बहीण भावाच्या खिशातून किल्ली काढते असा प्रसंग होता. शेवटच्या रकान्यापासून सुरुवात केली तेव्हा लक्षात आलं की भाऊ झोपलेला नाही हे प्रेक्षकाला बहिणीच्या आधी कळलं पाहिजे. तेवढं ठरल्यावर बाकीचे शॉट आपोआप जागेवर आले आणि ‘सुंदर दिसेल’ म्हणून योजलेले तीन सेटअप गळून पडले. यादी शेवटी मी दोनदा लिहिते, एकदा कथेच्या क्रमानं आणि एकदा प्रकाशाच्या दिशेनुसार. सेटवर दुसरी लागते. आपण डगमगायला लागलो की पहिली बघायची.

स्टोरीबोर्डबद्दल, म्हणजे प्रत्येक शॉट आधीच चौकटीत चितारण्याबद्दल, माझं मत जरा वेगळं आहे. चौकटी काढल्या की फ्रेम सुंदर होते, पण नट त्या चौकटीत अडकतो. दोघांच्या साध्या संवादाला फ्लोअर प्लॅन पुरतो. बोर्ड मी राखून ठेवते ते कॅमेऱ्याच्या अवघड हालचालीसाठी किंवा एकापुढे एक येणाऱ्या इन्सर्टसाठी. चित्रकला येत नाही म्हणून कुणी नियोजन टाळत असेल तर टाळू नये, वरून काढलेले गोल आणि बाण पुरेसे असतात.

आवाजाचा रकाना भरताना पडदा झाका. प्रसंग नुसता ऐका. पुढच्या शॉटमधला आवाज कटच्या आधी कधी सुरू होतो, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या चेहऱ्यावर किती वेळ चालू राहतं, हे बघताना निसटतं आणि ऐकताना लगेच सापडतं. शॉटची सरासरी लांबी मात्र मी आता काढत नाही. एकच तीन मिनिटांचा शॉट सगळी सरासरी वर ओढतो आणि प्रसंगाच्या लयीबद्दल काहीच सांगत नाही. त्यापेक्षा लांबीचा आलेख काढावा, वेग कुठे बदलला ते डोळ्यांना दिसतं.

या पद्धतीची एक मर्यादा मोठी आहे. तयार चित्रपटात संकलनातून वाचलेलेच शॉट दिसतात. प्लॅनवर सहा सेटअप सापडले म्हणजे सहाच लावले होते असं नाही, टाकून दिलेलं कव्हरेज (त्याच प्रसंगाचे घेतलेले इतर शॉट) आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणून स्वतःच्या नियोजनात मी एक-दोन जास्तीचे शॉट ठेवते, निदान एखादा इन्सर्ट आणि ऐकणाऱ्याचा चेहरा, म्हणजे संकलनात वाट राहते. दुसरं, अभिनय रकान्यात मावत नाही. नटाशी काय बोलायचं हे तालमीतच शिकावं लागतं आणि त्याला या वहीचा उपयोग नाही. वेळही खूप जातो. चार मिनिटांच्या प्रसंगाला अख्खी संध्याकाळ लागते आणि ती द्यावीच लागते.

सुरुवात करणार असाल तर चित्रपट आधी एकदा न थांबता पूर्ण बघा. मग दोन माणसं, एक खोली आणि निदान एक जण मध्ये उठून चालतो असा प्रसंग निवडा. मारामारी आणि गाणी नंतरसाठी ठेवा. आणि यादीच्या आधी प्लॅन काढायला घ्या.