अपडेट ‘यशस्वी’ झालं आणि मॉड्यूल मेलं : फ्लॅश चिपची फसवणूक

इंडस्ट्रियल वायरलेस मॉड्यूल पॅनेलमध्ये बिनतक्रार चालतं आणि पहिल्याच फर्मवेअर (आतल्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटला मरतं. विकणारा म्हणतो, “मधेच पॉवर गेली असणार, वॉरंटी लागू नाही,” आणि दुरुस्तीचे वेगळे पैसे मागतो. आमच्या लॉटमध्ये नेमकं हेच झालं. पॉवर गेलेली नव्हती. चेकसम (फाइल बरोबर लिहिली गेली का ते तपासणारा आकडा) जुळल्याची नोंदही लॉगमध्ये होती.

शील्ड (मॉड्यूलवरचं धातूचं झाकण) काढल्यावर उलगडा झाला. 16 एमबीच्या जागी 4 एमबीची एसपीआय फ्लॅश (फर्मवेअर साठवणारी मेमरी चिप) बसवलेली, वरचा छाप घासून 16 एमबीचा मारलेला.

रोजच्या कामात हे कळत नाही, कारण मूळ फर्मवेअर पहिल्या 4 एमबीत मावतं. अपडेट मात्र दुसऱ्या बँकेत (मेमरीच्या दुसऱ्या भागात), 0x800000 म्हणजे 8 एमबीच्या पत्त्यापासून लिहिलं जातं. 4 एमबीची चिप पत्त्याचे खालचे 22 बिट तेवढे बघते, वरचे सोडून देते. म्हणजे तिच्या लेखी 0x800000 म्हणजेच शून्य, आणि शून्यावर बूटलोडर (मॉड्यूल सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) बसलेलं. तेच पुसून त्यावर नवी फाइल चढते. पडताळणीसाठी वाचायला गेलं तरी पत्ता पुन्हा शून्यावरच वळतो, नवीच फाइल दिसते, चेकसम जुळतो. चालू फर्मवेअर रॅममध्ये असतं, त्यामुळे रीबूटपर्यंत काहीच जाणवत नाही. ‘यशस्वी’ या मेसेजवर इथे अजिबात विसंबू नका.

माल हातात आला की पॅनेलमध्ये बसवण्याआधी तपासा. फ्लॅशला 0x9F कमांड देऊन आयडी वाचा. तीन बाइट येतात. बहुतेक चिपांमध्ये तिसरा हेक्समध्ये 18 असेल तर 16 एमबी, 16 असेल तर 4 एमबी. बूटलोडरच्या कन्सोलवरून पूर्ण 16 एमबीचा डंप (चिपमधल्या सगळ्या डेटाची प्रत) घेता येत असेल तर त्याचे चार समान तुकडे करून प्रत्येकाचा हॅश (डेटावरून निघणारा ओळख-आकडा) काढा. चारही सारखे आले तर चिप खोटी. चिपवर क्लिप लावून बाहेरच्या प्रोग्रामरने वाचणार असाल तर चिपचं व्होल्टेज आधी बघा: सीएच341ए प्रोग्रामरचे काही काळे बोर्ड डेटा लाइनवर 5 व्होल्ट देतात आणि 3.3 व्होल्टची चिप त्यात जाऊ शकते.

‘दुरुस्ती’चे पैसे देऊच नका. दुरुस्त होऊन आलेल्या मॉड्यूलमध्ये चिप तीच होती, फक्त एकाच डंपची नक्कल सगळ्यांत भरलेली. त्यामुळे सगळ्यांचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची ओळख) एकच झाला, नेटवर्कवर मॉड्यूल एकमेकांना पाडू लागले, आणि प्रत्येक मॉड्यूलचं स्वतःचं रेडिओ कॅलिब्रेशन (रेडिओची जुळवणी) गेलं ते गेलंच. पुढच्या अपडेटला ते परत मरणार हे वेगळंच.

म्हणून पहिल्या अपडेटआधी प्रत्येक मॉड्यूलचा डंप सीरियल नंबरच्या नावाने वेगळा ठेवा. अपडेट आधी टेबलावरच्या एकाच मॉड्यूलवर करा, पॉवर काढून पुन्हा द्या आणि ते उठलं तरच बाकीच्यांना हात लावा. खरेदीच्या ऑर्डरमध्ये फ्लॅशची साइज लिहून घ्या. आयडीचा स्क्रीनशॉट आणि हॅश जोडून तक्रार केली की ‘पॉवर गेली असणार’ हे उत्तर टिकत नाही.