रॉटवायलरच्या ‘परवानगी’पायी ५२,७०० रुपये गेले

जाहिरातीतला व्हिडिओ बघून रॉटवायलर कुत्र्याचं पिल्लू मागवलं, ते हातात आलंच नाही, हे आधीच सांगते. टोकन ९,००० आणि गाडीभाडं ४,२००, इथपर्यंतची गोष्ट तुम्हा सगळ्यांच्या ऐकण्यातली आहे. मला खरं लुटलं ते त्यानंतर, कायद्याची भीती घालून.

जुलै २०२४. पिल्लू ‘निघालं’ आणि दुसऱ्या दिवशी एका ‘साहेबां’चा फोन. रॉटवायलर केंद्र सरकारच्या २३ धोकादायक जातींच्या यादीत आहे, ना-हरकत दाखल्याशिवाय गाडी सुटणार नाही. दाखल्याचे १४,५००, निर्बीजीकरणाच्या हमीची अनामत २५,०००, अनामत परत मिळेल. यादीची बातमी मी खरंच वाचली होती. पण ती यादी असलेलं केंद्राचं १२ मार्चचं पत्र दिल्ली उच्च न्यायालयाने १६ एप्रिललाच रद्द केलं, ते माझ्या वाचनात आलं नाही. आणि त्या पत्रात तर या जातींना परवाने देऊच नका, असं राज्यांना कळवलं होतं! म्हणजे पैसे भरून मिळणारा असा दाखला कधी नव्हताच.

अनामत भरताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं, कुणा एका बाईचं. सरकारी खात्याचा उल्लेखसुद्धा नाही. माझा अंगठा थांबला. मी विचारलंही. ‘आमच्या कॅशियर मॅडम आहेत’ म्हणाला, आणि मी पिन टाकला. ते चार-पाच सेकंद आजही झोपू देत नाहीत.

मला हावरट म्हणू नका. उद्या सोसायटीत कुणी बोट दाखवलं तर हातात कागद असावा, एवढंच हवं होतं. नियमाने वागायला गेले म्हणून फसले.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन का नाही केला? (पैसे गेल्याचं कळताक्षणी तोच करा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा.) पालिकेत तर साहेबांनी मान वर न करता विचारलं, ‘असला कुत्रा हवाच कशाला?’ तीन खिडक्या, दोन सुट्ट्या वाया, आणि प्रत्येक ठिकाणी चौकशी माझीच. तक्रार क्रमांक मिळाला, एफआयआर अजून नाही.

विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी मागा. मला फसवणारा सहा आठवड्यांचं पिल्लू देत होता. कुत्र्यांच्या प्रजनन-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं विकताच येत नाही. पालिकेचा परवाना कुत्रा घरी आल्यावर काढायचा असतो, पावती घेऊन. मालकाची खरी जबाबदारी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये आहे: प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते निभावायला साखळी, मुसकं आणि शिकवण लागते, फोनवरचा साहेब नाही.

परवा तोच व्हिडिओ नव्या जाहिरातीत दिसला. निळा पट्टा, मागे फुटलेली हिरवी बादली. दिसला तर टोकन देऊ नका.