राग आलाय: आधी जायचं कोणाकडे – त्या माणसाकडे, देवाकडे की पाळकांकडे?

मंडळीतल्या, म्हणजे आपल्याच चर्चमधल्या, कोणी चारचौघांत पाणउतारा केला, किंवा जमिनीच्या वाटणीत सख्ख्या भावानेच फसवलं. राग तर आहेच, वर ‘ख्रिस्ती माणसाने रागवावं का’ हा वेगळा जाच. त्यात फार अडकू नका. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करताना येशूने भोवतालच्या लोकांकडे रागाने पाहिलं, असं बायबलमध्ये मार्क ३:५ ला स्पष्ट लिहिलंय. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल आधी म्हणतो की रागात पाप करू नका, सूर्य मावळायच्या आत राग सोडा. आणि पाचच ओळींनी म्हणतो, सगळा राग दूर करा. म्हणजे राग येईल, पण त्याला मुक्कामाला ठेवायचं नाही. मग तो न्यायचा कुठे?

पहिली वाट सरळ त्या माणसाकडे जाते. मत्तय १८:१५ चा क्रम ठरलेला आहे: आधी दोघंच, एकांतात. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घ्यायचं. त्यानंतरच मंडळी. आपल्याकडे हा क्रम बहुतेकदा उलटा चालतो. गोष्ट आधी प्रार्थनासभेत ‘अमक्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून फुटते, मग पाळकसाहेबांच्या कानावर जाते, आणि ज्याने दुखावलं त्याला सगळ्यात शेवटी कळते. मला तर ती प्रार्थना-विनंती चहाडीपेक्षा वाईट वाटते, कारण तिला कोणी अडवू शकत नाही. ‘चूक त्याची, मग मी का जाऊ?’ हा प्रश्न खरा आहे. पण मत्तय ५:२३-२४ मध्ये तुमच्याविरुद्ध भावाच्या मनात काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून निघायला सांगितलंय, आणि अठराव्या अध्यायात अपराध त्याचा आहे. दोन्हीकडे उठून जायचं तुम्हीच.

या वाटेला एक मोठा अपवाद आहे. घरात मारहाण होत असेल, किंवा समोरच्याच्या हातात तुमची नोकरी, घर, मुलं असतील, तर एकट्याने एकांतात जाऊ नका. वचनातला भाऊ बरोबरीचा आहे. बाईला नवऱ्याकडून मार पडत असताना तिला ‘जाऊन समेट कर’ म्हणणं हा त्या वचनाचा गैरवापर आहे. तिथे १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) ला फोन करणं आधी, समेटाची भाषा नंतर.

दुसरी वाट बायबलमधल्या स्तोत्रांची, ती वाचत देवाकडे जायची. नेमकं काय खुपतंय ते सांगताच येत नाही, किंवा ज्याच्यावर राग आहे तो माणूस वारलाय, अशा वेळी हीच वाट उरते. १३व्या स्तोत्रात पहिल्या दोन ओवींत चार वेळा ‘कोठवर’ येतं, आणि सहाव्या ओवीपर्यंत स्तोत्रकर्ता गाऊ लागतो. ८८वं मात्र अंधारातच संपतं, म्हणून ज्याला लगेच गाता येत नाही त्याने ते घ्यावं. १०९व्यात तर उघड शाप आहेत. कॅथलिक चर्चने १९७१च्या नव्या प्रहरप्रार्थनेत (दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांत) ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं शापवाणीमुळे वगळली. सामुदायिक प्रार्थनेपुरतं ते समजू शकतं, पण खोलीचं दार लावून बसलेल्या माणसाने ती वगळू नयेत असं माझं मत आहे. सूड देवाच्या हवाली केला की आपल्या हातात तेवढा कमी उरतो. या वाटेची उणीव एकच: समोरच्याला काही कळतच नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा तसाच बोलेल.

तिसरी वाट, पाळक किंवा धर्मगुरू. राग एका माणसावर नसून तुमचा स्वभावच झालाय, बायकोवर, मुलांवर, रिक्षावाल्यावर, सगळ्यांवर निघतोय, तर पहिल्या दोन वाटा पुरत नाहीत. कॅथलिकांना पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूंजवळ आपली पापं कबूल करण्याची, सोय आहे, आणि तिथलं बोलणं बाहेर न काढण्याचं बंधन धर्मगुरूंवर आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सहसा असा संस्कार नसतो, तेव्हा पाळकांना ‘हे आपल्यातच राहू द्या’ असं आधी स्पष्ट सांगावं लागतं. पाळकसाहेब समोरच्याचे नातेवाईक असतील तर दुसऱ्या मंडळीतलं कोणी शोधा. झोप उडाली असेल, हात उचलला जात असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकही हवा; १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत मदत मिळते. तिथे फोन केल्याने विश्वास कमी पडला असं होत नाही.

सोडून देणं ही चौथी वाट म्हणता येईल. अपराधाकडे डोळेझाक करण्यात माणसाची शोभा आहे असं नीतिसूत्रे १९:११ सांगतं. पण महिन्याभराने तोच प्रसंग तितक्याच तावातावाने सांगत असाल, तर तुम्ही सोडलं नाही, नुसतं गिळलं.

माझा कल असा: चूक एका वाक्यात सांगता येत असेल आणि समोरचा बरोबरीचा असेल, तर रात्री एक स्तोत्र वाचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. तो मजकूर कुटुंबाच्या ग्रुपवर पोचायला वेळ लागत नाही. ते वाक्य जमत नसेल, तर अजून काही दिवस स्तोत्रांतच थांबा.