अल्टरनेटर: दुरुस्त करून घ्यावा की नवा बसवावा?

सकाळी सेल्फ मारला तर इंजिन फिरत नाही, धक्का मारून सुरू करावे लागते आणि सुरू झाल्यावरही बॅटरीचा लाल दिवा विझत नाही, अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसासमोर तीन पर्याय येतात: नवी बॅटरी, जुन्या अल्टरनेटरची (इंजिनाच्या फिरण्यावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) दुरुस्ती किंवा नवा अल्टरनेटर. यांपैकी बॅटरी बदलणे सर्वांत सोपे वाटते; परंतु चार्जिंगच होत नसेल तर नवी बॅटरीसुद्धा जुनीसारखीच उतरते आणि अर्धवट चार्ज स्थितीत राहून अकाली खराब होते.

म्हणून निवड करण्यापूर्वी साध्या मल्टीमीटरने मापे घ्यावीत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती साधारण निम्मी उतरलेली असते. इंजिन सुरू करून थोडी रेस दिल्यावर हा आकडा साधारण 13.8 ते 14.5 पर्यंत चढला पाहिजे. तो बाराच्या आसपासच राहून हळूहळू उतरत असेल, तर चार्जिंग होत नाही. तो 15 च्या वर गेला, तर रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडलेला आहे आणि बॅटरीतले पाणी उकळून उडते आहे. मीटरची टोके प्रथम बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवावीत, मग त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर; दोन्हींत फरक आला, तर दोष त्यांच्यामध्ये साचलेल्या पांढऱ्या-हिरवट थराचा असतो आणि कोमट पाणी व पॉलिश पेपर यांवरच काम भागते. त्याचप्रमाणे इंजिन चालू ठेवून आणि दिवे लावून अल्टरनेटरची जाड तार जिथे नटाने आवळलेली असते तिथपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजावे. तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर तार किंवा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) बदलावा. अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट ढिला असेल तर तो ताणण्याला काहीच खर्च नाही.

वापराची पद्धतही येथे लक्षात घ्यावी लागते. साखर कारखान्याच्या आवारात उसाचा ट्रॅक्टर तासन्‌तास रांगेत उभा असतो, त्यावर जास्तीचे दिवे आणि मोठा टेप चालू असतो आणि इंजिन मात्र बंद किंवा अगदी कमी फेऱ्यांवर असते. इतक्या कमी वेगावर निरोगी अल्टरनेटरही तेवढा भार पेलत नाही. अशा वेळी दुरुस्ती किंवा नवा अल्टरनेटर यांपैकी कशावरही खर्च करण्याआधी भार कमी करून पाहावा.

दोष खरोखर अल्टरनेटरचाच निघाला, तर माझा कल बहुतेक वेळा दुरुस्तीकडे असतो. कार्बन (ब्रश), रेग्युलेटर, डायोड प्लेट (एसीचे डीसी करणारे डायोड बसवलेली पट्टी) आणि बेअरिंग हे झिजणारे किंवा जळणारे भाग प्रचलित ट्रॅक्टर आणि पिकअपसाठी सुटे मिळतात. कार्बन झिजून आखूड झाले की त्यांची स्प्रिंग त्यांना स्लिप रिंगवर (रोटरला वीज पोचवणाऱ्या फिरत्या कड्यांवर) पुरेशी दाबू शकत नाही आणि चार्जिंग अधूनमधून तुटते. खड्ड्यात गाडी आदळली की दिवा लागतो आणि विझतो, ही त्याची एक खूण. डायोडचा संशय असल्यास इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर पाहावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर संशय बळकट होतो. असा डायोड उभ्या गाडीची बॅटरीही रात्रीतून उतरवू शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

मात्र स्टेटरची (स्थिर भागाची) कॉइल काळी पडून करपल्याचा वास येत असेल, रोटरची (फिरत्या भागाची) वाइंडिंग बॉडीला शॉर्ट होत असेल, स्लिप रिंगवर नख अडकेल इतकी खोल चर पडली असेल किंवा बेअरिंगची बैठकच सैल झाली असेल, तर नवा घेणे योग्य. रिवाइंडिंग (कॉइल नव्याने भरणे) होते, पण ती किती टिकेल हे भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, आणि ज्या इंजिनावर रोजची कमाई अवलंबून आहे तिथे तो धोका मी पत्करणार नाही. नवा घेताना अँपिअर, पुली आणि माउंटिंग जुन्याशी जुळवून घ्यावे. जास्त अँपिअरचा बसवायचा असेल तर तारही जाड घ्यावी. बदलून मिळणारे जुने पण दुरुस्त केलेले अल्टरनेटर स्वस्त पडतात, पण आत काय बदलले हे कळत नसल्याने लेखी वॉरंटीशिवाय घेऊ नयेत.

अलीकडच्या बऱ्याच मोटारींत चार्जिंग संगणकाच्या ताब्यात असते आणि व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त केले जाते. तिथे एका आकड्यावर निर्णय न घेता स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण) लावूनच पाहावे.

चालू इंजिनावर बॅटरीचा टर्मिनल काढून चार्जिंग तपासण्याची जुनी सवय कोणत्याही गाडीवर कटाक्षाने टाळावी, कारण त्या क्षणी व्होल्टेज उसळून चांगले डायोडही जळू शकतात. दुरुस्ती केली असो वा नवा बसवला असो, हेडलाइट आणि पंखा लावून बॅटरीवर किमान साडेतेरा व्होल्ट येतात का, हे पैसे देण्यापूर्वी कारागिरासमोरच पाहून घ्यावे.