वरती मजला चढवताय? जुनं फायर अलार्म पॅनल ठेवायचं की बदलायचं

2027 च्या सिंहस्थासाठी नाशकात पंचवटी, द्वारका, नाशिकरोड सगळीकडे जो तो लॉजवर मजला चढवतोय नाहीतर मागं विंग काढतोय, आणि साइटवर गेलं की मालकाचा प्रश्न ठरलेला, भाऊ जुन्याच फायर अलार्म पॅनलला धूर पकडणारे चार डिटेक्टर जोडून भागेल ना? कधी भागतं, कधी नाही.

आधी जुनं कन्व्हेन्शनल, म्हणजे झोनवर चालणारं साधं पॅनल उघडून बघा; झोन म्हणजे एका वायरवरचे सगळे डिटेक्टर मिळून एक विभाग. 8 झोनचं आहे आणि 5 च वापरात आहेत तर नवीन मजल्याला सहावा झोन द्या, काम झालं. कॉलेज रोडवर कॉम्प्लेक्सच्या मागं तीन-चार गाळे वाढवायचे असतील तर हेच करा, उगाच खर्चात पडू नका. पण या पॅनलवर झोनचा दिवा लागतो म्हणजे एवढंच कळतं की तिसऱ्या मजल्यावर कुठेतरी काहीतरी आहे. गाळ्यांना ते चालतं, लॉजमध्ये रात्री अडीचला बारा खोल्यांची दारं ठोकत कोण फिरणार, आणि यात्रेकरू खोलीत उदबत्ती-धूप लावतातच, मग चार वेळा खोटा अलार्म झाला की वॉचमन सरळ हूटर (भोंगा) बंद करून झोपतो. ही आपल्याकडची खरी पद्धत आहे, कुणी कबूल करत नाही.

अ‍ॅड्रेसेबलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो, पॅनलवर थेट ‘रूम 304’ दिसतं. वायर लूपमध्ये फिरून परत पॅनलला येते, त्यामुळे एका ठिकाणी तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहते, आणि मध्ये आयसोलेटर (शॉर्ट झाला की लाइन तोडणारे) टाकले तर शॉर्ट झालेला तेवढाच तुकडा बाजूला पडतो. महाग आहे, नाही म्हणत नाही. त्यात बहुतेक वेळा एका कंपनीचा डिटेक्टर दुसऱ्याच्या पॅनलला बोलत नाही, म्हणजे पुढची 10 वर्षं तुम्ही त्या कंपनीच्या दावणीला. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी पॅनलचा पासवर्ड आणि प्रोग्रॅमिंगचा बॅकअप हातात घ्या, नंतर कुणी फोन उचलत नाही.

आता तिसरा प्रकार, जुन्याला जुनं पॅनल आणि नवीन मजल्याला वेगळं नवीन. स्वस्तात मस्त वाटतं म्हणून बरेच जण हेच करतात आणि मला हाच सगळ्यात कमी आवडतो. वरती आग लागली आणि खालच्या दुकानांत हूटरच वाजला नाही तर काय उपयोग! करायचंच असेल तर दोन्ही पॅनल मॉड्यूलने एकमेकांना जोडा, कुठंही अलार्म झाला तरी सगळ्या बिल्डिंगमध्ये वाजला पाहिजे, आणि दोन्ही पॅनल जिथं माणूस 24 तास बसतो तिथंच लावा, जिन्याखालच्या कुलूपबंद खोलीत नको.

तिन्हींत एक गोष्ट कॉमन, जुन्या वायरिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कन्व्हेन्शनलमध्ये वायर एका डिटेक्टरमधून दुसऱ्यात जाऊन शेवटी रेझिस्टर लागतो, त्यावरून पॅनल वायर सलग आहे का ते बघतं, म्हणून मध्ये डिटेक्टर काढला की पॅनलवर फॉल्ट आला पाहिजे. जुन्या कामात मात्र पीओपीच्या छतावर मधूनच टॅप मारून वायरला फांद्या फोडलेल्या असतात, त्या फांदीवरचा डिटेक्टर काढा, पॅनल हिरवंच्या हिरवं! मी अशी एक बिल्डिंग बघितली, अर्धा मजला नुसता शोभेचा. टेस्ट एकदम सोपी आहे, प्रत्येक डिटेक्टर बेसमधून काढून बघा. असं निघालं तर वायर नव्यानेच ओढावी लागणार, मग ओढतोच आहोत तर अ‍ॅड्रेसेबलच करा की.

कागदाचं थोडक्यात. जुनी फायर एनओसी जुन्या प्लॅनची असते, वाढीव बांधकामाला परत जावं लागतं, शहरात महापालिकेच्या अग्निशमनकडे, सातपूर-अंबडच्या एमआयडीसी हद्दीत एमआयडीसीकडे. एनबीसी 2016 (राष्ट्रीय इमारत संहिता) प्रमाणे 15 मीटर आणि त्यावर बिल्डिंग हायराइज धरतात, त्यामुळे एका मजल्याने ती रेषा ओलांडली तर नियम नुसते वरच्या मजल्याचे नाही, अख्ख्या बिल्डिंगचे बदलतात. शिवाय महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने दर जानेवारी आणि जुलैला लायसन्स्ड एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो, तोही सगळ्या बिल्डिंगचा, खालचे झोन मेलेले असताना शहाणी एजन्सी सही करत नाही.

लॉजवाल्यांनी एक चेक करा, खोलीचं दार बंद करून उशाजवळ हूटर 75 डेसिबल ऐकू येतो का. पॅसेजमधला एक हूटर पुरत नाही बहुतेकदा. आणि रंगकाम, पीओपी चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून डिटेक्टरवर टोप्या लावतात ना, उद्घाटनाआधी त्या काढा, मला दोन-दोन वर्षांनी तशाच लावलेल्या सापडल्यात.